चिकटपाणी

फुलांचा मला वीट आला आहे. खरी फुलं असतील तर असोत बिचारी, ती निदान दोन दिवसांत सुकतात तरी. आमच्या घरातली सुकत नाहीत. ती टेबलक्लॉथवर आहेत, नॅपकिनवर आहेत, ट्रेवर घालायच्या रुमालांवर आहेत, आणि आता तर आईने गॅसच्या सिलिंडरलासुद्धा लेसची झालर लावलेला झगा शिवला आहे. येणारा जाणारा म्हणतो, "अगं बाई, किती सुंदर! स्वर्गच की!" स्वर्गात सगळीकडे लेस असेल तर मला नरक चालेल.

सुंदर म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्या मोरीत डोकावून बघावं. लेस कशी होते ते लोकांना ठाऊक नसतं. त्यांना वाटतं, कुणी तरी आजीबाई खिडकीत बसून सुईने विणत असेल. आमच्याकडे आजीबाई नाही, भरतकामाचं मशीन आहे. पाण्यात विरघळणारी एक पातळ फिल्म मिळते, ती फ्रेममध्ये ताणून बसवायची, आणि मशीन तिच्यावर नुसत्या दोऱ्याचं फूल भरतं. खाली कापड नाही, काही नाही. मग ते फूल कोमट पाण्यात बुडवायचं. फिल्म विरघळून जाते, लेस उरते. ऐकायला छान वाटतं. पण विरघळून जाते म्हणजे कुठे जाते? बादलीतच राहते की, शेंबडासारखी. हात घातला की बोटांना तारा लोंबतात, मनगटावरून ओघळ कोपरापर्यंत येतात, आणि वाळले की कातडी सोलल्यासारखे पापुद्रे निघतात.

आई ते पाणी फेकतही नाही. दाट झालं की बरणीत भरून ठेवते. कारण तेच लेसला लावून इस्त्री फिरवली की लेस कडक राहते, आणि वेळप्रसंगी काही चिकटवायलाही उपयोगी पडतं. आम्ही त्याला चिकटपाणी म्हणतो. बरणीची जागा स्वयंपाकघरात, साखरेच्या शेजारी. शेजारणीने एकदा मध समजून त्यात बोट घालून चाटलं होतं. त्यानंतर तिने आमच्याकडे कधी काही उसनं मागितलं नाही, एवढाच त्या बरणीचा फायदा.

घरात जेवायचं टेबल एकच आहे आणि त्यावर मशीन बसलेलं असतं. वडील गेले त्या वर्षी ते आलं आणि आम्ही उठलो. जगाची टेबलं सजवणाऱ्या आम्ही मायलेकी ताट मांडीवर घेऊन पलंगावर जेवतो, आणि घासागणिक तोंडातून दोऱ्याचे तुकडे काढतो. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.

हेही मी सहन केलं असतं. मला खरी शिसारी येते ती डागावरच्या फुलांची. आईचा नियमच आहे: कापडावर डाग पडला आणि धुऊन गेला नाही तर त्यावर फूल काढायचं. मशीनचं तेल गळलं, त्यावर पान आलं. शाई सांडली, तिथे जांभळं फूल उमललं. मांजर ओकलं, तिथे पिवळं. "झाकली मूठ सव्वा लाखाची," असं म्हणून आई घडी घालते आणि माल दुकानात जातो. आणि दुकानवालीला नेमकं तेच आवडतं. "हे कोपऱ्यातलं एकटंच फूल काय गोड दिसतंय हो! अशीच आणखी द्या ना." मी मनात म्हणते, मांजराला विचारून सांगते.

"आणि उलटी बाजू?" असं मी आईला एकदा विचारलं होतं. उलट्या बाजूने बघितलं तर गाठींच्या जंजाळात डाग अजून डोळे वटारून बघत असतो.

"उलटी बाजू कुणी बघत नाही," आई म्हणाली. तीही बघत नाही. सुलट बाजूवरून हात फिरवते, इस्त्री करते, झालं.

त्या घरात बारकी परत आली. बारकी म्हणजे माझी धाकटी बहीण. तिचा नवरा कुठल्याशा ऑफिसात फिरत्या खुर्चीत बसतो, म्हणून आई त्याला लग्न ठरल्यापासून साहेब म्हणते. बारकी भर दुपारी आली, हातात पर्स आणि एक पिशवी. पिशवीत कपडे नव्हते. आईनेच तिला लग्नात दिलेला टेबलक्लॉथ होता, चारही कडांना लेस, काठाने वेलबुट्टी, मधला भाग पांढराशुभ्र. म्हणजे दिला तेव्हा पांढराशुभ्र होता. आता त्यावर तळहाताएवढा तांबूस, तेलकट डाग होता.

आईने आधी डाग बघितला, मग मुलीचं तोंड.

"मारलं का गं त्यांनी?"

"नाही."

"मग?"

"थुंकला."

"अंगावर?"

"ताटात. माझ्या वाढलेल्या ताटात. मी ताट ढकललं, भाजीचा रस सांडला."

"मारलं तर नाही ना?" आईने पुन्हा विचारलं, आणि बारकीने मान हलवल्यावर तिने सुटकेचा श्वास टाकला. तो श्वास मी ऐकला. 

भांडण कशावरून झालं होतं ते मी विचारलं. बारकी म्हणाली की मीठ कमी पडलं होतं. मग म्हणाली, मागच्या वेळी काय कारण होतं ते आठवत नाही. मागच्या वेळी! म्हणजे ही काही पहिली खेप नव्हती. एरवी तो शिव्या देत नाही, आवाज चढवत नाही, दारू पीत नाही. राग आला की उठतो, तिच्या खुर्चीपाशी येतो, वाकतो आणि तिच्या ताटात थुंकतो. मग जागेवर बसून स्वतःचं जेवण शांतपणे संपवतो.

बारकी आल्यापासून एक गोष्ट माझ्या लक्षात आली. ती डाव्या हाताने ताट झाकून जेवायची. मांडीवर ताट, त्यावर पंजा पसरलेला, आणि उजव्या हाताने पंजाखालून चोरल्यासारखा घास काढायचा. शेजारून कुणी पाण्याला उठलं तरी पंजा आणखी खाली यायचा. आईला ते दिसत नव्हतं असं नाही. आईला म्हणे वाटलं, भातात दोरे पडू नयेत म्हणून झाकत असेल.

आईने टेबलक्लॉथ भिजवला, साबण लावला, घासला, उन्हात टाकला. डाग फिका झाला पण गेला नाही. "राहू दे ना तो, आई," बारकी म्हणाली. "मी त्या डागासाठीच हा आणलाय." आईला त्याचा अर्थ कळला नाही, किंवा कळून घ्यायचा नव्हता. तिने फोन केला, गोड बोलली, आणि ठरवून टाकलं. रविवारी साहेब आणि विहीणबाई जेवायला येतील, झालं गेलं सगळं विसरायचं, आणि जेवण झालं की बारकी त्यांच्याबरोबर जाईल. बारकीची बॅग आईनेच भरली आणि दाराशी ठेवली. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, तशी रविवारची धावपळ सुरू झाली.

"त्या डागावर एक गुलाब काढ," आई मला म्हणाली. "मोठा, पाकळ्यांचा. साहेबांच्या ताटाशेजारी येईल असा अंथरू. बघू देत त्यांना, आम्ही मनात काही ठेवलं नाही."

"कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, आई."

"तुझी जीभ आवर जरा. तुला काय जातंय बोलायला? तिला संसार करायचाय. थुंकी काय, पुसली की गेली. हाताने मारलं असतं तर मी तरी पाठवली असती का?"

बारकी पलंगावर बसून नॅपकिनांच्या घड्या घालत होती. आई बाजारात गेल्यावर ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "ताई, माझंच काही चुकतंय का गं? नुसतं थुंकलाच ना तो. लोक काय काय सोसतात."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तिच्यावर नाही, त्या 'नुसतं'वर. मी म्हणाले, "तुला जायचंय का?" ती म्हणाली, "जाते ना." दात उपटून घ्यायला निघालेलं माणूस ज्या आवाजात बोलतं, त्या आवाजात म्हणाली.

मी मशीनसमोर बसले. डागावर फूल भरायचं म्हणजे डागाचा भाग फ्रेममध्ये ताणायचा, खाली अस्तर द्यायचं आणि सुई सोडायची. सुई त्या डागातून वर-खाली, वर-खाली, हजारदा जाणार. मग त्याच सुईने मी दुसऱ्या कुणाच्या नॅपकिनवर फूल काढणार, आणि तो माणूस त्याने तोंड पुसणार. मी टेबलक्लॉथ उचलला आणि परत ठेवला. आईने दहादा धुतलेलं कापड होतं, साबणाचा वास येत होता, सगळं मला कळत होतं. तरी माझा हात त्या डागाला लागेना. मांजराची ओकारी मी शिवली आहे. ही थुंकी मला शिवता येईना.

म्हणून मी पळवाट काढली. फिल्मवर सुटा गुलाब भरला, तांबडा, मोठा, आईला हवा तसा पाकळ्यांचा. नुसता ओलसर केला, नीट धुतलाच नाही, म्हणजे त्याच्या अंगात चिकटपणा राहील. मागून बरणीतलं चिकटपाणी फासलं, चिमट्याने धरून डागावर ठेवला आणि वरून इस्त्री दाबली. गुलाब छान बसला. असं चिकटवल्यावर कडेने बारीक टाके घालायचे असतात, हे मशीनला हात लावणारं कुणीही सांगेल. नाहीतर पाणी लागलं की सगळा डोलारा सुटून येतो. टाके घालायचे म्हणजे पुन्हा सुई त्याच डागात. मी नाही घातले.

बारकी अजून म्हणते की मी मुद्दाम केलं. मुळीच नाही. मला किळस आली होती, बाकी काही नाही.

आईने सुलट बाजूवरून हात फिरवला. "बघ! डाग होता असं कुणी म्हणेल का?" असं म्हणून तिने माझी पाठ थोपटली. मी पाठ काढून घेतली.

रविवारी मशीन पलंगावर गेलं आणि टेबलाने किती तरी वर्षांनी मोकळा श्वास घेतला. टेबलक्लॉथ अंथरला, फूल बरोबर साहेबांच्या उजव्या हाताशी आलं. साहेब आले. इस्त्रीचा फिकट निळा शर्ट, मऊ आवाज, चपला काढून नीट भिंतीशी जोडून ठेवल्या. या माणसाकडे बघून कुणालाही वाटावं, मुंगीसुद्धा ओलांडून जात असेल. बसण्याआधी त्यांनी खुर्चीवर हात फिरवला, ताटातला चमचा उजेडाला धरून बघितला, आणि खिशातल्या रुमालाने ग्लासची कड पुसली.

"मला जरा स्वच्छता लागते," ते हसून म्हणाले.

"असायलाच हवी," आई म्हणाली. "हे फूल खास तुमच्यासाठी काढलंय बरं का."

"सुंदर," साहेब म्हणाले. बारकी समोर बसली होती. तिचा डावा पंजा अजून रिकाम्या ताटावर आधीच पसरलेला होता.

विहीणबाईंनी विषयाला हात घातला. "हे बघा, आमचा लहानपणापासून असाच आहे. राग आला की थुंकायचा. शाळेत बाईंच्या पर्सवर थुंकला होता, आम्ही कित्ती हसलो होतो! पण मनात काही नसतं हो त्याच्या."

"मनात नसतं, तोंडात असतं," मी म्हणाले.

आईने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. साहेबांनी ऐकू न आल्यासारखं केलं. आई घाईघाईने वाढू लागली, भात, भाजी, पुन्हा भाजी, "संकोच करू नका" चाललं होतं. मी फ्रीजमधलं गार पाणी ओतलं. साहेबांनी घोटभर घेतलं आणि ग्लास ठेवला तो नेमका गुलाबावर.

उकडत होतं. ग्लासला बाहेरून दव सुटलं, थेंब थेंब खाली ओघळू लागलं. गुलाबाच्या पाकळ्या आधी गडद झाल्या, मग चमकू लागल्या. आता मला घाम फुटला. सांगावं का? काय सांगणार, की ग्लास उचला, फूल खोटं आहे? मी भाताकडे बघत बसले. विहीणबाई सांगत होत्या की सुनेने सासरी गेल्यावर आधी मीठ मोजायला शिकावं.

साहेबांनी ग्लास उचलला. ग्लासबरोबर गुलाबही उचलला गेला. तो ग्लासच्या बुडाला लोंबला, त्याच्यामागून टेबलापर्यंत लांबलचक चिकट तारा आल्या. मग तो सुटला आणि साहेबांच्या मनगटावर पचकन पडला. तारा बोटांवर, बाहीवर, घड्याळावर.

"ईऽऽ!" साहेब ओरडून उभे राहिले. खुर्ची मागे पडली. "शी! काय आहे हे? शेंबूड आहे की काय!"

"लेसचं पाणी आहे," मी म्हणाले.

त्यांनी हात झटकला, तर तारा आणखी लांबल्या. नॅपकिनने पुसायला गेले, तर नॅपकिन हाताला चिकटला. तोंड वेडंवाकडं झालं होतं, डोळ्यांत पाणी आलं होतं. "ओकारी येतेय मला," ते म्हणाले. "शी शी शी. आता घास नाही उतरायचा घशाखाली. हे ताट उचला आधी."

टेबलावर ग्लासच्या ओल्या वर्तुळात तो तांबूस डाग उघडा पडला होता.

बारकीने पंजा ताटावरून काढला. "का?" ती म्हणाली. "ताटात कुठे पडलंय? नुसतं हाताला तर लागलंय."

"तू गप्प बस."

बारकी उठली नाही, आवाज चढवला नाही. नवऱ्याचाच मऊ आवाज काढून ती हळूच म्हणाली, "चल, मुकाट्याने जेव. सगळं संपवायचं. मी बघतेय."

साहेबांचं तोंड उघडं राहिलं. मला क्षणभर कळलं नाही, मग कळलं. हे तिने आम्हाला सांगितलंच नव्हतं. थुंकला एवढंच सांगितलं होतं. थुंकल्यावर काय म्हणायचा ते नाही.

"नवऱ्याशी असं बोलतात का?" विहीणबाई म्हणाल्या. "आणि इतकं काय झालंय? धुतलं की जाईल ते."

आईचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. ती सवयीने पुढे झाली होती, साहेबांच्या मनगटावरून गळून पडलेली गुलाबाची एक सुटी पाकळी तिने उचलली आणि डागावर ठेवून अंगठ्याने दाबली. पाकळी घसरली. तिने पुन्हा दाबली, पुन्हा घसरली. आता तिचाही अंगठा चिकट झाला होता. तिने तो अंगठा बघितला, मग डाग बघितला. चष्मा वर सरकवून अगदी जवळून बघितला.

"खायला लावायचे?" तिने बारकीला विचारलं.

"हो."

"तू खाल्लंस?"

 बारकीने टेबलक्लॉथच्या लेसकडे बघितलं. आईच्या घशातून असा आवाज आला की मला वाटलं ही आता इथेच ओकणार.

"रागाच्या भरात माणूस बोलतो काहीतरी," साहेब म्हणाले. "तुम्ही कशाला उगाच..."

आईने साहेबांसमोरचं ताट उचललं. "घास उतरायचा नाही म्हणालात ना? मग राहू द्या." तिने ताट आत नेऊन ठेवलं, पदराला हात पुसत बाहेर आली आणि विहीणबाईंना म्हणाली, "तुमचं डब्यात भरून देते. घरी जाऊन निवांत जेवा."

"म्हणजे आम्ही जायचं?"

"डबा परत नाही दिला तरी चालेल," आई म्हणाली.

विहीणबाई डबा न घेताच गेल्या. काय काय बोलत गेल्या ते जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत ऐकू येत होतं. साहेब हात अंगापासून लांब धरून उतरले. गुलाब त्यांच्या बाहीला चिकटून गेला. आमच्या घरातलं एक फूल कमी झालं, याचं मला अजून बरं वाटतं.

बारकीची बॅग दाराशी तशीच होती. आईने ती पायाने आत सरकवली. मग ती टेबलापाशी येऊन डागाकडे बघत उभी राहिली. सवय जाता जात नाही.

"उद्या यावर एखादं..." ती म्हणाली आणि थांबली.

"नको," बारकी म्हणाली.

"नको," आई म्हणाली, आणि जाऊन साबणाने हात धुऊन आली.

आम्ही तिघी टेबलाशी बसलो. बारकीने आपलं ताट डागाच्या शेजारी ठेवलं, थोडं सरकवून, डाग झाकला जाणार नाही असं. आईने तिला भात वाढला, भाजी वाढली. ती जेवू लागली. डावा हात मांडीवर होता.

"भाजी आणखी वाढू?" आईने विचारलं.

"वाढ," बारकी म्हणाली. "मीठ कमी आहे."

आईने मिठाचं भांडं तिच्यापुढे सरकवलं.